चाकाखालचा दगड

केज, १२ जानेवारी २०२५

नवनाथ,

जयभीम.

आधी माझ्या हातचं काय काय आहे ते लिहितो. सोबतच्या कागदांवर तुझी सही लागणार आहे, आणि आपण सही कशावर करतो आहोत हे माणसाला ठाऊक असावं.

ट्रकच्या केबिनचा सांगाडा सागवानी. जुन्या शाळेच्या लिलावात घेतलेल्या तुळया चिरून केला. त्यावरचा पत्रा अठरा गेजचा, लाकडी हातोड्यानं ठोकून वाकवलेला. कुठंही मशीन लावलेलं नाही. दोन्ही दारं. दारांच्या कड्या पितळी, ओतीव. साचा मातीचा, तोही मीच केला. बॉनेटचे दोन्ही पंख. उजवा पहिल्यांदा जमला नाही म्हणून फेकला आणि दुसरा केला, तो डाव्यापेक्षा दोन सूत लांब आहे, पण सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाही. पुढची जाळी. डिझेलची टाकी. हौद्याची फळी न फळी बाभळीची, दोन उन्हाळे वाळवून मग रंधलेली. मागचा फाळका, त्याची बिजागरं, साखळ्या. स्प्रिंगचे पाटे मी केले नाहीत, ते जुनेच, पण त्यांचे बुश माझ्या लेथवरचे. ड्रायव्हरची सीट काथ्याची, तुझ्या पाठीच्या मापानं. ते माप माझ्याकडं होतं. रंग ब्रशनं, सहा हात. पुढच्या पट्टीवरचं ‘नमो बुद्धाय’ आबांच्या अक्षरावरून गिरवलं, पेंटर बोलावला नाही. इंजिन अर्थात माझं नाही. पण बारा वर्षांत ते मी तीनदा पूर्ण उघडलं आणि तिन्ही वेळा एक नटही शिल्लक न उरता बसवलं.

तर आपली शहाऐंशी सालची बारा-दहा, लांब नाकाची, आज या स्थितीत आहे. अशी दुसरी बीड जिल्ह्यात नाही. अंबाजोगाईला एक होती, ती मागच्या वर्षी भंगारात गेली. मी बघायला गेलो तेव्हा तिचं नाक कापून झालं होतं.

आता कामाचं. मांजरसुंब्याच्या पुढं हायवेला युवराज म्हणून एक जण मोठं हॉटेल बांधतो आहे. पोरगा पस्तिशीचा आहे, बोलायला बरा. त्याला गाडी दारात चबुतऱ्यावर उभी करायची आहे. म्हणाला, “मेस्त्री, हौद्यात चार टेबलं बसतील. लोक गाडीत बसून मटण खातील.” मी म्हणालो, टेबलं बसव, पण फळ्यांना खिळा मारायचा नाही. तो हसला आणि हो म्हणाला. पुढं एक पाटी लावणार आहे, संगमरवरी: ही गाडी बाळासाहेब माणिकराव ओव्हाळ, केज, यांनी स्वतःच्या हातांनी उभी केली. सातवी शिकलेल्या माणसाचं नाव संगमरवरात येतंय, हे तुला कळवावंसं वाटलं.

पण गाडी कागदावर तुझ्या नावानं आहे. आबांनी दोन हजार एक साली ती घेतली तेव्हा लायसन तुझ्याकडं होतं म्हणून तुझं नाव घातलं. एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म सोबत आहेत. पेन्सिलनं फुल्या केल्यात तिथं तीन सह्या कर. निळ्या शाईनं कर. तारीख घालू नको. तुझा निम्मा वाटा तुला मिळेल, त्यात शंका ठेवू नको.

जुनं काही काढायचं नाही. येत्या एकवीस मार्चला आबांना जाऊन बारा वर्षं होतील. पालीच्या चढावर जे झालं त्याचा निकाल कोर्टात लागला, त्यावर मी काही लिहीत नाही.

माय बरी आहे. गुडघे दुखतात. तुझं नाव काढत नाही.

बाळू

---

केज, २ फेब्रुवारी २०२५

नवनाथ,

जयभीम. तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. पत्र रजिस्टर केलं होतं, पोच आली आहे, त्यावर बबिताची सही आहे. म्हणून काल तिच्या नंबरला फोन लावला. ती हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, “भावजी, कागद घरात हायेत. पण त्या गाडीचं नाव निघालं की ह्ये जेवत न्हाईत. दोन दिस झाले, नुसती भाकर कुस्करत्यात आन् उठत्यात. तुमी जरा दमानं घ्या.”

दमानंच घेतोय. बारा वर्षं दमानंच घेतलं.

तिच्याकडून कळलं की तू चाकणला गोदामात माल उतरवायला आहेस आणि इतक्या वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नाहीस. मालकानं छोटा टेम्पो चालव म्हटलं, पगार वाढवतो म्हटलं, तर तू नाही म्हणालास. हे मला पटलं नाही. तुझ्यासारखा हात मी दुसरा बघितला नाही. भरलेली गाडी तू गिअर न कुरकुरू देता चढावर न्यायचास. एकदा धारूरच्या घाटात तू मला म्हणालास, दादा, डोळे मीट आणि कुठला गिअर पडला ते सांग. मला सांगता आलं नव्हतं. इंजिन मी उघडलेलं, आणि मला सांगता आलं नव्हतं.

असो. चूक कुणाच्याही हातून होते. एक दगड लावायचा राहिला, त्यात तुझ्या मनात वाईट काही नव्हतं हे आम्ही सगळे जाणतो. उभ्या गाडीला चढावर चाकामागं दगड लावायचा हे शाळेतल्या पोरालाही कळतं, पण घाईत राहून जातं. मायलाही मी हेच सांगत आलोय.

युवराज परवा पुन्हा आला होता. पहिल्यांदा साडेचार लाख म्हणाला होता, आता सहावर आला आहे. केबिनमध्ये चढून बसला, हॉर्न वाजवला, लहान पोरासारखा हसला. मग त्यानं हँडब्रेक ओढला. दांडा नुसता वर आला, मागं काहीच लागलं नाही.

“मेस्त्री, सगळं केलंत, आन् ह्येवढं कावून सोडलं?”

“शोभेची गाडी हाय. तिला कुठं पळायचंय?”

“तसं न्हाई वो. दाराच्या कड्यासुदिक ओतल्यात तुमी.” मग खाली उतरला, गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, “चारी चाकांना दगड! सपाट जाग्यावर? आमच्या आजीनं खाटंच्या पायाखाली ठिवावेत तसे.”

मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

तो म्हणतो महिनाअखेर कागद पाहिजेत, पावसाळ्याआधी चबुतरा पुरा करायचाय. म्हणून पुन्हा लिहितो. सह्या कर आणि पाठव. बाकी काही लिहायची गरज नाही.

बाळू

---

केज, २० फेब्रुवारी २०२५

नवनाथ,

तुझं पाकीट मिळालं. तीन सह्या, निळ्या शाईनं, फुल्यांवर बरोबर. आत चिठ्ठी आहे. ती मी सकाळपासून इतक्यांदा वाचली की पाठ झाली. तू लिहिलं आहेस ते खाली उतरवतो, म्हणजे मी काय वाचलं याचा वाद राहणार नाही.

‘दादा, सह्या केल्या हायेत. पैसे नकोत. येक इचारायचं व्हतं. त्या दिवशी मी दगड लावला व्हता का? लावल्याचं आठवतंय, पण आता बारा वर्सं झाली, खरंच आठवतंय का मीच मनानं रचलंय ते कळंना. बबिता म्हणती लावला आसंल. तिला काय ठाऊक. तू तिथं व्हतास. तुला जे आठवतंय ते मी खरं धरीन.’

तू दगड लावला होतास.

काळा होता, एका बाजूनं चपटा, पायलीएवढा. रस्त्याच्या कडेच्या चरातून तू तो दोन्ही हातांनी उचलून आणलास आणि मागच्या डाव्या चाकाला टेकवलास, मग पायानं दाबून बघितलास. मी बॉनेटपाशी उभा होतो. मी पाहिलं.

बाकीचं लिहायला मला काही दिवस लागतील. एवढं आजच टाकतो आहे. पोस्ट पाच वाजता बंद होतं.

बाळू

---

केज, १ मार्च २०२५

नवनाथ,

आठ दिवसांत चार कागद फाडले. प्रत्येक वेळी मी स्वतःला जरा बरा करून लिहीत होतो. आता जसं झालं तसं, क्रमानं लिहितो. एखादी गोष्ट तुला ठाऊक असली तरी वाच.

दुष्काळाचं साल. गेवराईहून कडबा भरून आपण तिघं केजला निघालो होतो. तू, मी आणि आबा. गेवराईत सकाळी हँडब्रेक ढिला लागला म्हणून मी खाली सरकलो. दांड्याचे दोन तुकडे जिथं जोडतात तिथली पिन झिजून निम्मी झाली होती. चार सूत जाड, पावणेदोन इंच लांब, एवढीशी वस्तू. मी म्हणालो, तासाभरात करतो. अड्ड्यामागं एका लोहाराचा भाता होता, त्याच्याकडं बसलो. जुन्या पाट्याचा मधला बोल्ट तापवून, ठोकून, कानस मारून पिन केली. मापाला इतकी बरोबर आली की लोहार म्हणाला, “मेस्त्री, हात हाय तुमचा.” मग लाल करून तिला पाणी दिलं.

तू माझ्याजवळ बसून हे कधी शिकला नाहीस, म्हणून सांगतो. लोखंडाला पाणी दिलं की ते कडक होतं. पण नुसतं कडक लोखंड काचेसारखं असतं. म्हणून पाणी दिल्यावर ते पुन्हा हलकं तापवायचं, वरून पिवळसर आणि मग जांभळट छटा चढेपर्यंत, आणि हवेत निवू द्यायचं. मग त्यात जीव येतो, ते वाकतं पण तुटत नाही. याला अर्धा तास लागतो. कडबा भरून झाला होता, आबा हाका मारत होते, ऊन व्हायच्या आत पाली ओलांडायची होती. मी पिन पाण्यातून काढली, पुसली आणि तशीच बसवली. मला ठाऊक होतं. अडाणीपणानं झालं असं मला म्हणता येत नाही.

पालीच्या पुढं चढाला गाडी तापली. तू बाजूला घेतलीस. तापलेलं इंजिन एकदम बंद करायचं नसतं, म्हणून ते चालूच ठेवलं, गिअर काढलेला. हँडब्रेक तू पूर्ण ओढलास, मी आवाज ऐकला, सात दात. मग उतरून दगड लावलास. पालीचं धरण त्या साली कोरडं होतं, म्हणून तू कॅन घेऊन खालच्या धाब्यावर पाणी आणायला गेलास. आबा मागं गेले, कडब्याचा दोर सैल झाला होता तो आवळायला. मागं दहा पावलांवर पुलाचा कठडा होता.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं फक्त मला ठाऊक आहे.

वरून एक गाडी उतरत आली. नेकनूरचा त्रिंबक. आपल्याला बघून त्यानं वेग कमी केला, खिडकीतून डोकं काढलं आणि हसत ओरडला, “काय मेस्त्री! तुमच्या हातच्या गाडीलाबी दगड लागतोय व्हय?”

तुला माझा नियम आठवत असेल. अड्ड्यावर सगळ्यांपुढं मी सांगायचो की माझ्या गाडीला दगड लावायचा नाही, दगड लावणं म्हणजे माझ्या कामावर थुंकणं. तू नेहमी हसायचास आणि मी पाठ फिरवली की लावायचास. त्या दिवशीही तेच केलंस.

मी त्रिंबकला म्हणालो, “ह्यो नवनाथचा भित्रेपणा. बघ.” आणि मागं चालत जाऊन तो दगड पायानं बाजूला केला. तो सैलच होता, गाडी हँडब्रेकवर उभी होती. एका लाथेत चरात गेला. गाडी जागची हलली नाही. मी त्रिंबककडं बघून हात वर केले. त्यानं हॉर्न दिला आणि गेला.

आबांनी मागून विचारलं, “काय झालं रे?” मी म्हणालो, “काय न्हाई आबा, आवळा तुमी.” हे मी त्यांच्याशी शेवटचं बोललो.

बॉनेटपाशी परत आलो. किती वेळ गेला सांगता येत नाही, पंख्याचा पट्टा बोटानं दाबून बघण्याएवढा. खालून टणकन आवाज आला, ग्लास फुटतो तसा. गाडी मागं निघाली. केबिनचं दार धरून मी पळालो, पाय पायरीला लागला नाही. पुढं लिहीत नाही. तू कॅन टाकून पळत आलास तेव्हा मी कठड्यापाशी होतो, आणि तू पहिला शब्द बोललास तो असा: “दगड! मी दगड लावला व्हता दादा!”

मी काही बोललो नाही. तेव्हा मला बोलता येत नव्हतं, हे खरं आहे. पण ते फार तर तासभर खरं होतं.

लोक जमले, आबांना खाली नेलं, तू त्यांच्याबरोबर गेलास. मी गाडीखाली सरकलो. पिनचे दोन्ही तुकडे दांड्याच्या खाचेत अडकलेले होते. तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी चमकत होती. ज्याला लोखंड कळतं तो एका नजरेत सांगेल की ही पाणी देऊन तशीच ठेवली होती. मी तुकडे शर्टच्या खिशात घातले आणि त्या जागी माझ्या पिशवीतला साधा बोल्ट बसवून नट आवळला. पाच मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी तपासायला साहेब आला, त्याला हँडब्रेक धडधाकट मिळाला. चाकाखाली दगड मिळाला नाही. मग उरला ड्रायव्हर. मला विचारलं, दगड लावलेला पाहिला का? मी म्हणालो, माझं लक्ष इंजिनात होतं.

सहा वर्षं तुझ्यावर केस चालली, निकालात कसूर तुझीच ठरली. मी प्रत्येक तारखेला आलो, तुझ्यासाठी डबा घेऊन. तू म्हणायचास, दादा, एवढं करतूस. आबांच्या पुण्यानुमोदनाला विहारात सगळा समाज बसला होता, आणि मायनं तुला सगळ्यांदेखत सांगितलं की माझ्या दारात पाय ठेवू नको. मी तिच्या शेजारी बसलो होतो.

पिन इथं आहे. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, लेथच्या मागं. गाडी बारा वर्षं मी का सांभाळली असं लोक विचारतात. मी आवड सांगतो. आवड आहेच, ती खोटी नाही. या गाड्यांवर माझा जीव आहे, आणि आंघोळीआधी मी रोज तिच्याभोवती एक फेरी मारतो. पण हेही खरं की गाडी विकली असती तर नव्या मालकाच्या मेस्त्रीनं खाली सरकून विचारलं असतं, या जागी हा बोल्ट कुणी घातला? म्हणून बोल्टही मी काढला. तेव्हापासून ती जागा रिकामी आहे.

त्रिंबकच्या गाडीचं काम मी परत कधी घेतलं नाही. काल त्याला फोन केला. त्याला काही आठवेना. मी दगडाचं सांगितलं तेव्हा म्हणाला, “आवो, म्या तर गंमत केलती मेस्त्री.” मग स्वतःच म्हणाला, “त्यो दगड म्या बघितला व्हता. कुणी इचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी इचारलंच न्हाई.”

म्हणजे तुझ्या चिठ्ठीचं उत्तर देणारी माणसं दोन होती. दुसरा नेकनूरला होता, बारा मैलांवर.

मायला अजून सांगितलेलं नाही.

बाळू

---

केज, १६ मार्च २०२५

नवनाथ,

जयभीम.

तुझं काही आलं नाही. येईल असं धरून मी बसलेलो नाही. बबितानं फोनवर एवढंच सांगितलं की पत्र तू वाचलंस आणि उठून बाहेर गेलास, अंधार पडायच्या आत परत आलास. त्यापुढं तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मायला पाच तारखेला सांगितलं. सकाळी ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. मी डबा तिच्यापुढं ठेवला.

“ह्ये काय?”

“पिन हाय, माय. गाडीची.”

“मंग मला कावून दावतूस?”

मी सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, त्याच क्रमानं. तिचा हात थांबला नाही. खडे एका बाजूला, दाणे एका बाजूला. माझं संपल्यावर म्हणाली,

“दगड त्यानं लावलता?”

“लावलता.”

“आन् तू काढला.”

“व्हय.”

सूप झाडलं. पुन्हा ज्वारी घेतली. मग म्हणाली, “दर जयंतीला त्याचा फोन यायचा. मी घ्यायची न्हाई. तू बाजूला बसायचास. घेऊ नको असं तू म्हणायचास का?”

“न्हाई, माय.”

“घे असं म्हणालास?”

“न्हाई.”

“लेकरू बारा वर्सं दाराभायेर ठिवलं म्या. कुणाच्या भरवशावर?” तिनं डब्याचं झाकण लावलं आणि डबा माझ्याकडं सरकवला. “जिथं त्याला बोल लावला तिथं जाऊन बोल. मी बी येते. मला बी तिथं बोलायचंय.”

तेव्हापासून ती माझ्या घरी जेवत नाही. शेजारी छबुबाईकडं जेवते. सकाळी मी चहा ठेवतो, तो तसाच राहतो. मी कप धुऊन ठेवतो.

फाल्गुन पौर्णिमेला वंदना झाल्यावर मी विहारात उभा राहिलो. चाळीसएक माणसं होती. जे कोर्टात सांगायचं होतं ते सांगितलं, दोन्ही तुकडे हातात धरून. ते हातोहात फिरले. म्हाताऱ्या माणसांनी डोळ्याजवळ नेऊन बघितले. मग मागून कुणीतरी म्हणालं, “बारा वर्सं कुठं व्हतास बे?”

मी म्हणालो, “इथंच.”

मग माय उठली. भिंत धरून उठली, गुडघ्यांमुळं वेळ लागला. एवढंच म्हणाली, “माझ्या नवनाथनं दगड लावला व्हता. ह्ये समद्यांनी ध्यानात ठिवा. पोराबाळांना सांगा.” आणि बसली. तिचे शब्द मी बदललेले नाहीत. हे तुला कळावं म्हणून आजचं पत्र.

कोर्टाच्या कामाचं बीडच्या एका वकिलाला विचारलं आहे. तो म्हणतो, तुमचा जबाब लिहून देता येईल, पुढं काय होईल ते सांगता येत नाही, तुमच्यावरही येऊ शकतं. मी म्हणालो, लिहा. कागद झाला की एक प्रत तुला पाठवीन. माफी मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि आधीच तू माझ्या वाट्याचं पुष्कळ दिलं आहेस.

युवराज काल आला होता. त्याच्या कानावर गेलं होतंच, केज एवढंसं आहे. तरी म्हणाला, “मला त्याच्याशी काय करायचंय, गाडी झ्याक हाय, पाटी तशीच लावू.” मी त्याला तुझ्या सह्यांचे कागद दाखवले आणि त्याच्यासमोर फाडले. गाडी तुझी आहे. तुला भंगारात घालायची असेल तर घाल, मी स्वतः तिचं नाक कापून देईन, दुसऱ्या कुणाला सरळ कापता येणार नाही. चालवायची असेल तर चावी छबुबाईकडं ठेवली आहे. घरी येशील तेव्हा मी नसेन असं बघायचं असेल तर बबिताला सांग, मी त्या दिवशी दिंद्रुडच्या बाजाराला जाईन.

आज एक काम केलं. बीडला जाऊन हँडब्रेकची पिन विकत आणली. कंपनीची, कागदी डबीतली. दुकानदार मला वीस वर्षं ओळखतो. म्हणाला, “मेस्त्री, तुमी आन् तयार पिन? तब्येत बरी हाय ना?” मी पैसे दिले आणि निघालो. दुपारी ती बसवली. दांडा ओढला, सात दात, मागं घट्ट लागलं. दगड मात्र चारी चाकांना तसेच ठेवले आहेत.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नाही. विहारातही बोललो नाही आणि मायलाही सांगितली नाही. तुझ्या लक्षात असेलच, पण तुझ्या लक्षात आहे हे मला ठाऊक असल्याचं तुला कळलं पाहिजे.

गेवराईत त्या सकाळी मी झिजलेली पिन हातात घेऊन गाडीखालून बाहेर आलो, तेव्हा तू समोर उभा होतास, तोंडात दातून. अड्ड्यासमोर स्पेअर पार्टचं दुकान नुकतंच उघडत होतं. तू म्हणालास, “दादा, आज करत बसू नको. तयार मिळती समोर. मी आणतो, माझ्या भत्त्यातनं. तुला येक पैसा मागणार न्हाई.”

मी तुला आबांदेखत म्हणालो की ओव्हाळ मेस्त्रीची गाडी विकतच्या पिनवर चालत नाही, आणि भाता कुठं आहे ते विचारायला निघालो. मागून तू किंमत सांगितलीस, तुला वाटलं असेल मी ऐकली नाही. ऐकली होती.

एकशे ऐंशी रुपये.